पंचेचाळीसशेची गुणगुण

सोमवार

आज तिसरा दिवस. वाईहून निघाल्यावर पाचवडपर्यंत काही जाणवत नाही. हायवेला लागून पाचव्या गिअरमध्ये मोटरसायकल ५५ च्या आसपास आली की कुठूनतरी झिर्रर्र सुरू होतं. बरणीत भुंगा कोंडल्यासारखा आवाज. ६५ ला गेलं की गप्प, ५० ला उतरलं की गप्प. आणि माझा रोजचा वेग नेमका पंचावन्नचा, त्यामुळे उडतारे, आनेवाडीचा टोलनाका, लिंबखिंड असा सगळा रस्ता आज त्या आवाजाच्या सोबतीनं गेला.

२०११ सालची दीडशे सीसीची गाडी आहे. अण्णांना गुडघेदुखीमुळे ती चालवेनाशी झाली तेव्हा त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. तिचे सगळे आवाज मला पाठ आहेत. थंडीत सुरू केल्यावर मिनिटभर होणारी टॅपेटची टकटक, क्लच दाबला की येणारी बारीक सळसळ. हा आवाज त्यातला नाही, म्हणूनच तो डोक्यातून जात नाही.

बुधवार

आवाज कुठून येतो हे कळत नसेल तर निदान तो कशावर अवलंबून आहे हे तरी बघावं, म्हणून आज परतताना मोकळ्या रस्त्यावर प्रयोग केला. पाचव्यात ५५, चौथ्यात ४५, तिसऱ्यात ३५. वेग तीन, पण इंजिनच्या फेऱ्यांचा काटा दर वेळी ४५०० च्या आगेमागेच. मग ५५ वर असताना क्लच दाबला. गाडी त्याच वेगानं पळत होती, इंजिन उतरलं आणि आवाज तुटला.

म्हणजे चाकं, बेअरिंग, चेन, ब्रेक हे सगळं एका झटक्यात सुटलं. त्यांचं काही असतं तर आवाज वेगाबरोबर बदलला असता. जे काही आहे ते इंजिनच्या तालावर नाचणारं आहे. मिनिटाला ४५०० फेऱ्या म्हणजे सेकंदाला ७५. एकच सिलिंडर असल्यामुळे पिस्टन वरखाली होताना प्रत्येक फेरीला सगळ्या सांगाड्याला एक धक्का बसतो. गाडीवरच्या प्रत्येक पत्र्याला, कंसाला, आरशाच्या दांडीला आपापली थरथरण्याची एक आवडती गती असते. कुणाची तरी ती ७५ ला जुळते आहे.

संध्याकाळी एका गॅरेजवर दाखवलं. रेस देऊन ऐकलं आणि म्हणाले, "टायमिंग चेन गेलीय, इंजिन खोलावं लागेल." मला पटलं नाही. टायमिंग चेन म्हणजे इंजिनच्या आतली, झडपा चालवणारी साखळी. ती सैल असेल तर इंजिन थंड असताना आणि कमी फेऱ्यांवरही खडखडते, अशी एकाच काट्यावर गाऊन गप्प बसत नाही. पत्र्याचा एकेक तुकडा तपासल्याशिवाय इंजिनला पाना लावू द्यायचा नाही, हे ठरवून घरी आलो.

शुक्रवार

आवाज गेला! काल रात्री टाकी फुल्ल केली होती. तेवढं सोडून गाडीला हात लावलेला नाही. आज जाताना-येताना ४५०० वर मुद्दाम रेंगाळलो. काही नाही. बरं वाटायला हवं होतं, पण कारण न कळता गेलेला आवाज परत येणार, असंच मनात येत राहिलं.

गुरुवार

आलाच. पाचवड सोडलं आणि झिर्रर्र. पेट्रोलचा काटा अर्ध्याच्या खाली होता, पण तेव्हा त्याचा संबंध मला लागला नाही.

रात्री अण्णा तंबोरा लावत बसले होते. शनिवारचं भजन आहे. तारेखाली दोरा सरकवत जवारी, म्हणजे तारेचा तो गुंजणारा नाद, जुळवत होते. मी आवाजाचं सांगितलं तर म्हणाले, "अरे, जवारीच लागलीय कुठंतरी." आणि मला दाखवलं. दोरा जास्त पुढे गेला तर तार घोडीवरून, म्हणजे ती टेकते त्या पट्टीवरून, पूर्ण उचलली जाते, नाद कोरडा येतो. तार बोटानं घोडीवर घट्ट दाबली तर बद्द. मधे एक जागा अशी येते की तार घोडीला जेमतेम चाटून जाते, आणि तिथेच ती गुंजारव करते. "सैल वस्तू खडखडते. गुणगुणते ती जेमतेम टेकलेली."

मी गेले आठ दिवस सैल काय झालंय ते शोधत होतो. खरं तर काय टेकलंय ते शोधायला हवं होतं.

रविवार

सकाळी अंगणात गाडी मधल्या स्टँडवर लावली. लेकीला सीटवर बसवून काटा ४५०० वर धरायला सांगितला. उभ्या गाडीत आवाज बारीक येतो, पण येतो.

आधी कानानं प्रयत्न केला आणि फसलो. उजवीकडून ऐकलं तर सायलेन्सरच्या जाळीतून वाटतो, समोरून ऐकलं तर हेडलाइटच्या डूममधून. लांब स्क्रू ड्रायव्हरचं पातं इंजिनला टेकवून मूठ कानामागच्या हाडाला लावली, जुने फिटर करतात तसं. इंजिन स्वच्छ होतं. पण तोच स्क्रू ड्रायव्हर चॅसीला कुठेही टेकवला तरी झिर्रर्र ऐकू येई. लोखंडाच्या नळ्यांची चॅसी, एका टोकाचं दुसऱ्या टोकाला पोचवते. तेव्हा कान बाजूला ठेवले आणि हात वापरले. एकेक वस्तू तळव्यानं घट्ट दाबायची आणि आवाज थांबतो का पाहायचं, एवढंच. एका वेळी एकच. नंबर प्लेट, साडीगार्ड, चेन कव्हर, लेगगार्ड, दोन्ही आरसे. सायलेन्सरची जाळी लाकडी दांडक्यानं दाबली, कारण तोवर ती चांगलीच तापली होती. हॉर्नवर जास्त वेळ घालवला, त्यात पातळ पडदा असतो आणि माझा सगळा संशय त्याच्यावर होता. काहीही नाही.

लेक कंटाळून टाकीवर पुढे रेलली आणि आवाज थांबला.

ती उठली की सुरू, रेलली की बंद. तिला चार वेळा उठबस करायला लावली. मग मीच दोन्ही हातांनी टाकीची मागची बाजू खाली दाबली. शांत. आणि त्या क्षणी शुक्रवारचं कोडं सुटलं. लिटरभर पेट्रोल साधारण पाऊण किलो भरतं, टाकी १५ लिटरची. म्हणजे फुल्ल टाकीत ११ किलोच्या आसपास वजन बसलेलं असतं आणि ते टाकीला खाली घट्ट दाबून धरतं. अण्णांचं बोट तारेवर होतं तसंच. पेट्रोल अर्ध्याच्या खाली गेलं की टाकी हलकी होते, जेमतेम टेकते.

इंजिन गार होऊ दिलं, कॉक बंद केला, पेट्रोलची नळी काढली, सीट काढली आणि टाकीचा मागचा बोल्ट बारा नंबरच्या पान्यानं सोडवला. टाकी उचलून पालथी पाहिली. तळाच्या पत्र्यावर तूरडाळीएवढा चकचकीत ठिपका, रंग पूर्ण उडालेला. बरोबर त्याच्याखाली चॅसीवर तसाच दुसरा.

बोल्टभोवती वर एक, खाली एक अशी दोन जाड रबरं असतात आणि त्यांच्या मधून एक छोटी लोखंडी नळी. बोल्ट आवळताना तो नळीवर येऊन थांबतो, त्यामुळे रबर ठरावीक एवढंच दबतं आणि टाकी त्यावर तरंगत राहते. माझ्या गाडीत ती नळीच नव्हती. दिवाळीनंतर एका ठिकाणी सर्व्हिसिंग करून घेतलं होतं, तेव्हा टाकी उतरवली होती. परत बसवताना नळी राहिली असणार आणि बोल्ट आवळला गेला सरळ रबरावर. दीड-दोन महिन्यांत खालचं रबर दबून भाकरीसारखं पातळ झालं आणि टाकी मागून खाली आली.

या एका नळीसाठी इंजिन खोललं गेलं असतं, या विचारानं मला खरोखर राग आला. नळी राहणं समजू शकतो, हातून होतं. पण गाडीवरून हात न फिरवता बिघाडाचं निदान सांगणं मला मान्य नाही.

मंगळवार

काल आणि आज एसटीनं गेलो. साताऱ्यात सुट्या भागांच्या दुकानात रबरं मिळाली, नळी नाही. लेथवाल्याकडे गेलो. दोन नवी रबरं एकावर एक ठेवून मापली तर २० मिलिमीटर. त्यानं १८ ची नळी कापून दिली, दोन्ही तोंडं साफ करून. रबर दोन मिलिमीटर दबेल, पुढे बोल्ट जाणारच नाही. उडालेल्या रंगावर प्रायमरचा हात दिला, नाहीतर तिथून गंज धरला असता. टाकी बसवून तिच्या आणि चॅसीच्या मधून वहीचा पुठ्ठा सरकवला. सहज आरपार गेला.

बुधवार

मुद्दाम पेट्रोल भरलं नव्हतं. काटा लाल खुणेला टेकायच्या बेतात. सकाळी सहाला निघालो, पाचवडला हायवेला लागलो, पाचवा गिअर, ५५. काटा ४५०० वर धरला आणि आनेवाडीपर्यंत तसाच ठेवला. वाऱ्याचा आवाज, इंजिनचा आवाज. उतारावर एक्सलेटर सोडला, पुन्हा दिला, ४२०० पासून ४८०० पर्यंत सावकाश नेला. टाकीला गुडघे लावले, काढले.

काही नाही. टोलनाक्याच्या अलीकडे थांबलो आणि अण्णांना फोन केला.