मॅडम, काय काढू?

जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यातल्या शाळेत मी इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षेला बसणाऱ्या मुलांना चित्रकला शिकवते. स्थिरचित्र, भूमिती, अक्षरलेखन मुलं सरावाने उचलतात. अडतं ते स्मरणचित्रापाशी, म्हणजे दिलेल्या विषयावर आठवणीतून चित्र काढायचं तिथे.

'आठवडी बाजार' हा विषय दिला होता. जवळजवळ प्रत्येक कागदावर उतरत्या छपराचं कौलारू घर आणि मागे नारळाची झाडं! आमच्याकडे जुनी घरं धाब्याची, म्हणजे सपाट मातीच्या छपराची, शिवारात केळी आणि कापूस. नारळ आला गाईडमधून. त्यातली तयार चित्रं पाठ करून उतरवायची. याचा मला अजूनही राग येतो. पालक म्हणतात, "ए ग्रेड आली की दहावीला सात मार्क वाढतात, तेवढं बघा." सात मार्कांसाठी पोरानं डोळ्यांसमोरचं गाव पुसून टाकायचं?

मी गाईड बंद केलं, तर कागद कोरे. तीन आठवडे रोज तेच, "मॅडम, काय काढू?" मी भराभर सुचवायचे, पोळा काढ, आपल्या खानदेशातला कानबाईचा उत्सव काढ. सगळ्यांनी पोळाच काढला, तोही एकसारखा. मग सुचवणं थांबवलं. म्हटलं, घरातली एक वापरलेली वस्तू आणा आणि तिच्याबद्दल बोला, अहिराणीत बोललात तरी चालेल.

एक मुलगा दोन दिवस रिकाम्या हाताने आला. तिसऱ्या दिवशी त्याने दप्तरातून घडी काढली. "मॅडम, हाऊ मना बापना सदरा शे." वडील केळीची कापणी करतात. घड ज्या खांद्यावर घेतात तिथे चिकाचे तपकिरी डाग एकावर एक साचलेले, कापड हाताला कडक लागत होतं. बाहीकडे डाग सुटत सुटत थेंबांएवढे झालेले. मी फक्त विचारत गेले. घड उचलताना मान कुठे वळते? गाडीत खाली काय अंथरतात? घरी आल्यावर सदरा कुठे टांगतात? तो उत्तर देताना काढू लागला. तास संपेपर्यंत आठ छोटी चित्रं झाली.

छोटी म्हणजे पोस्टकार्डाएवढी. मोठा कागद सुरुवातीला देऊच नका, मुलं बिचकतात. खोडरबरही बाजूला ठेवा.

छायाचित्रकार केकी मूस यांच्याबद्दलही मुलांना जरूर सांगा. चाळीसगावातल्या घरातच राहून, टेबलावर वस्तू मांडून त्यांनी छायाचित्रं केली. विषय शोधायला मुंबई गाठावी लागत नाही, हे मुलांना त्यातून पटकन कळतं.

त्या मुलाने बाजार पुन्हा काढला. कोपऱ्यात केळी उतरवणारा माणूस, त्याचा एकच खांदा गडद. नारळ नाही.

परवा एका मुलीने आईची कापूस वेचायची झोळी आणली. शिवणीत बोंडाचा वाळका तुकडा अडकला होता. "यात काढण्यासारखं काय आहे, मॅडम?" मी विचारलं, "ही शिवली कुणी?"