बदली कार्ड

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठाण्यात हवालदार आहे मी. मटक्याच्या धाडी किती टाकल्या त्याचा हिशोब नाही, पण गेल्या वर्षीचा एक आरोपी काही केल्या डोक्यातून जात नाही. बसस्टँडमागच्या पत्र्याच्या टपरीत आकडे घेत बसला होता, वय सत्तरच्या पुढं, धोतर-टोपी, कार्बननं अंगठा निळा झालेला. आम्हाला बघून जागचा हललासुद्धा नाही.

झडतीत रोख 1,340 रुपये, चिठ्ठ्यांचं बुक, एक बॉलपेन आणि बंडीच्या खिशात प्लास्टिकच्या पिशवीत मुंबईच्या एका गिरणीचं बदली कार्ड.

बाबा हे काय म्हणलं तर म्हणाले, "बहात्तरच्या दुष्काळात गेलो साहेब, हितं खडी फोडून पोट भरंना." बदली म्हणजे रोज गेटवर उभं राहायचं, कायमवाला आला नाही तरच त्या दिवसाचं काम, नाहीतर माघारी. अशा दिवशी नाक्यावर चार आणे लावायचे. मला मटका नीट त्यांनीच समजावला, म्हणजे इतकी वर्षं केसेस करून मी कधी विचारलंच नव्हतं. आधी न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या भावावर आकडा लागायचा, ते बंद पडल्यावर 1962 ला कल्याणजी भगतनं वरळीत मटका काढला, दोन वर्षांनी रतन खत्रीनं आपला वेगळा काढला आणि पत्ते आणले. 2, 5, 8 निघाले तर बेरीज 15, त्यातला शेवटचा आकडा 5 तो ओपन, मग रात्री उशिरा तसाच क्लोज, दोन्ही मिळून जोडी. सांगताना बोट टेबलावर आकडे लिहीत होतं.

आमच्या नोकरीत भाई लोकांची नावं सगळ्यांना पाठ असतात. पण 1949 च्या दारूबंदीनं हातभट्टीवाल्या वरदराजनला मोठं केलं, सोन्यावरच्या बंधनांनी मस्तानसारख्या स्मगलरला, आणि मटक्याला पैसा पुरवला तो गिरणगावातल्या असल्या चार-चार आण्यांनी, हे कुणी सांगत नाही, आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं.

मग 18 जानेवारी 1982 चा गिरण्यांचा संप. अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर, आणि तो संप अधिकृतपणे मागं कधी घेतलाच नाही. बाबा म्हणाले, "आमच्या चाळीत दोन लेकरं होती, म्याट्रिक झालेली. बाप घरी बसला, घरातली भांडी गेली. मंग एक दिवस दोघांच्या अंगावर नवे कपडे. पैसा कुठला, कुणीच इचारलं नाही. मी बी नाही इचारलं." थोरला पुढं गोळी लागून मेला म्हणे. टोळ्यांविरुद्धचा मोक्का कायदा आला 1999 ला, तोवर अशी किती लेकरं गेली असतील.

तुमचा मालक कोण विचारलं तर एक मोबाईल नंबर दिला, तो बंद. गुन्हा एकट्या बाबांवरच दाखल झाला. बुकीपुढं 'शोध चालू' असं मीच लिहिलंय आणि ते अजून तसंच आहे, याचा मला राग येतो.

कार्ड मी मुद्देमालात घेतलं नाही. नोटीस देऊन सोडताना त्यांच्या हातात परत दिलं तर म्हणाले, "साहेब, गिरणीवाल्याला म्हाडाचं घर मिळतंय म्हणं, ह्याच्यावर लागंल का?" त्याला 1 जानेवारी 1982 ला किंवा नंतर गिरणीत कामाला असल्याचा पुरावा लागतो. कार्डावर शिक्का होता. दोघांनी ट्यूबलाईटखाली धरून, तिरपं करून, किती वेळ बघितलं, पण वर्ष काही लागंना.