आमची वाटचाल : लग्नपत्रिकेपासून द्राक्षाच्या पेटीपर्यंत

छोट्या डिझाइन स्टुडिओची वाटचाल म्हणजे त्याच्या हाताखालून गेलेल्या कामांची वाटचाल. आधी व्हिजिटिंग कार्डं, बिलबुकं, लग्नपत्रिका. मग फ्लेक्स. मग नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांचे कॅटलॉग. पुढे दिंडोरी-पिंपळगावकडच्या द्राक्षांचे खोके, चिवड्याची पाकिटं, वाइनची लेबलं. आणि आता मोबाइलचा पडदा. छपाईचं मशीन आमच्याकडे नाही. आम्ही फाईल बनवतो, छापतो दुसराच. त्यामुळे फाईल पुढे कुठे जाणार आणि तिथे तिचं काय होणार, हे ओळखणं हाच आमचा खरा धंदा. ‘ग्राफिक डिझायनर व्हायचंय, काय शिकू?’ असं विचारत येणाऱ्या मुलांना आणि त्यांच्या पालकांना सांगायचं तेही याच क्रमानं सांगता येतं, म्हणून दोन्ही एकत्र लिहितो आहोत.

व्हिजिटिंग कार्ड असतं साडेतीन बाय दोन इंचांचं, पण ऑफसेटची, म्हणजे प्लेटवरून होणाऱ्या छपाईची, सगळी बाराखडी त्यात आहे. तुमचं कार्ड एकटं छापलं जात नाही. अनेक पार्ट्यांची कार्डं एका मोठ्या शीटवर लावतात आणि छापून झाल्यावर गठ्ठ्यानं कापतात. गठ्ठा कापताना वरच्या आणि खालच्या शीटमध्ये एखाद्या मिलिमीटरचा फरक पडतोच. म्हणून पार्श्वभूमीचा रंग चारही बाजूंनी ३ मिमी बाहेर काढायचा, त्याला ब्लीड म्हणतात. फोन नंबर आणि लोगो कडेपासून निदान ४ मिमी आत ठेवायचे. हौसेनं कडेला बारीक बॉर्डर देऊ नये. कापल्यावर ती एकीकडे जाड, दुसरीकडे बारीक दिसते आणि पार्टी म्हणते छपाई वाकडी आहे.

मग काळा रंग. फोटोशॉपमध्ये आरजीबीत (पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगपद्धतीत) लिहिलेलं काळं अक्षर नेहमीच्या सेटिंगवर सीएमवायकेत (छपाईच्या चार शायांच्या पद्धतीत) बदललं, की ते सायन ७५, मॅजेंटा ६८, यलो ६७ आणि ब्लॅक ९० असं चार रंगांत फुटतं. प्लेटा केसभर हलल्या तरी सात पॉइंटचं अक्षर धूसर होतं आणि त्याच्या कडेला लालनिळी झाक येते. बारीक मजकूर फक्त ब्लॅक १०० मध्ये ठेवा. मोठा काळा पट्टा मात्र नुसत्या ब्लॅकमध्ये करडा पडतो. तिथे खाली ४० टक्के सायन दिला की काळा भरदार येतो. चारही शायांची बेरीज आर्ट पेपरवर ३०० टक्क्यांच्या आत हवी आणि वर्तमानपत्राच्या कागदावर २४०च्या आत. त्यापुढे शाई वाळत नाही आणि वरच्या शीटच्या पाठीला डाग लागतात.

तीन घड्यांचं ब्रोशर आम्ही नवख्यांना मुद्दाम देतो. ए-४ची लांबी २९७ मिमी, म्हणून सरळ ९९-९९-९९ च्या रेघा मारल्या जातात. पण आत दुमडणारं पान थोडं लहान नसेल तर घडी फुगते आणि कोपरा मुडपतो. माप असं घ्यायचं: बाहेरच्या बाजूला डावीकडून ९७, १००, १००, तर आतल्या बाजूला १००, १००, ९७. दोन्ही बाजूंना तेच गाइड ठेवणं ही सर्रास होणारी चूक. कागद १७० जीएसएमच्या (चौरस मीटरला इतके ग्रॅम) पुढे गेला तर क्रीझिंग, म्हणजे घडीच्या जागी आधी दाबून खाच पाडणं, सांगायलाच हवं, नाहीतर गडद रंगाची शाई घडीवर तडकते आणि पांढरी रेघ उमटते.

मराठी अक्षर

कुठलंही सॉफ्टवेअर सहा महिन्यांत हाताला बसतं. देवनागरी बसायला वेळ लागतो आणि बहुतेक क्लासमध्ये ती शिकवतच नाहीत. उदाहरणं इंग्रजी, फॉन्ट इंग्रजी, आणि पहिली नोकरी मराठी मॅटर लावायची. नाशिकमध्ये काम करणाऱ्यांनी इथे सगळ्यात जास्त वेळ घालवावा असं आमचं ठाम मत आहे.

जुन्या प्रेसकडून आलेलं मॅटर अनेकदा श्रीलिपीसारख्या, युनिकोड (अक्षरांचे सगळीकडे सारखे संगणकी क्रमांक) येण्याआधीच्या पद्धतीत असतं. त्यात इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असतात, म्हणून फॉन्ट बदलला की सगळ्याचा कचरा होतो. कन्व्हर्टरनं ते युनिकोडमध्ये आणता येतं, पण नंतर रफार, ‘क्ष’, ‘श्र’, ‘ॲ’, ‘ऑ’ आणि आकडे डोळ्यांनी तपासावे लागतात. ‘दुसऱ्या’मधला र तर खास. तो दोन पद्धतींनी टाइप होतो. एका पद्धतीत मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह असतं आणि कॉपी-पेस्टमध्ये ते गळून पडतं. मग ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं आणि वीस पानांच्या अहवालात कुणाच्या लक्षातही येत नाही. खाली टिंब असलेला ऱ वापरून टाइप केलं तर ही भानगड उरत नाही.

इलस्ट्रेटर, फोटोशॉप किंवा इनडिझाइनमध्ये वेलांटी अक्षराच्या उलट्या बाजूला गेली, जोडाक्षरं सुटी पडली, तर फॉन्टला दोष देण्याआधी मजकुराचं इंजिन पाहा. दक्षिण आशियाई भाषांचा पर्याय, म्हणजे वर्ल्ड-रेडी कंपोझर, निवडलेला नसतो. भाषाही मराठी निवडा. काही फॉन्टमध्ये ल आणि श यांचे मराठी आकार तेवढ्यानंच येतात, नाहीतर हिंदी वळणाचे दिसतात. राज्य शासनानं २००९च्या निर्णयात मराठीसाठी या दोन अक्षरांची वळणं ठरवून दिली आहेत. सरकारी कामात ती पाहिली जातात.

ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या हिशेबानं १२० टक्के ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो. आम्ही १४० पासून सुरुवात करतो, जोडाक्षरं जास्त असतील तर १६० पर्यंत जातो. आणि ट्रॅकिंग (अक्षरांमधलं अंतर) वाढवायचं नाही, शिरोरेषा तुटते. शीर्षक रुंद हवं असेल तर रुंद फॉन्ट शोधा. सरावाला पैसेही लागत नाहीत: ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता आणि बलू हे फॉन्ट मुक्त परवान्याचे आहेत. आर. के. जोशी यांनी घडवलेला मंगल विंडोजमध्ये फुकट जोडून घेता येतो. मुक्ता घेऊन बसा आणि एकाच शब्दाची पाच वजनांत (अक्षराच्या जाडींत), पाच आकारांत तुलना करा.

लग्नपत्रिकेबद्दल एवढंच, की तिच्याइतकं कडक प्रूफरीडिंग कुठेच शिकायला मिळत नाही. ‘चि.’ आणि ‘चि. सौ. कां.’ जागेवर आहेत का, काकांच्या आधी आत्याबाई येतात का, यावरून घरं पेटतात.

फ्लेक्सच्या काळानं मापाची जाण दिली. २० बाय १० फुटांचा फ्लेक्स ७२ डीपीआयला (इंचाला ७२ ठिपके) १७,२८० बाय ८,६४० पिक्सेल होतो, सीएमवायकेत सुमारे ६०० एमबी. तोच कुणी ‘क्वालिटी हवी’ म्हणून ३०० डीपीआयला घेतला तर दहा जीबीच्या पुढे जातो, आणि पीएसडी फाईल ३०,००० पिक्सेलच्या वर सेव्हच होत नाही. गरजही नसते, कारण तो फ्लेक्स माणूस तीस-चाळीस फुटांवरून पाहतो. अक्षराची उंची दर दहा फूट अंतराला एक इंच हा चालता हिशेब. मराठीत मात्रा-उकार धरून थोडी जास्त ठेवा. व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीनं आलेला फोटो साधारण १,६०० पिक्सेलचा उरतो. तो फ्लेक्सच्या कोपऱ्यात चालेल, पण कॅटलॉगला ३०० डीपीआयनं साडेपाच इंचही भरत नाही. मूळ फाईल डॉक्युमेंट म्हणून मागवायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. सिंहस्थ जवळ येतोय, या शहरात फ्लेक्सना तोटा नसेल.

खोके, पाकिटं, लेबलं

सगळ्यात जास्त शिकवलं ते पॅकेजिंगनं, आणि नाशिक जिल्ह्यात राहून डिझायनरानं हेच काम धरावं असं आम्हाला वाटतं. शेतमाल आणि प्रक्रिया उद्योग दारात आहेत आणि हे काम नीट करणारे कमी आहेत.

द्राक्षाच्या खोक्यावर थेट छपाई होते ती फ्लेक्सोनं, म्हणजे रबर किंवा पॉलिमरच्या स्टिरिओवरून (उठावाच्या ठशावरून). तपकिरी क्राफ्ट कागदावर पिवळा मातकट होतो, हलका हिरवा दिसेनासा होतो. दोन-तीन ठळक रंग, जाड रेषा, एकमेकांना चिकटून नसलेले आकार, एवढ्यावर भागवायचं. रंगीत पट्ट्यात उलटी (रंगातून कोरी सोडलेली) बारीक अक्षरं शाईनं बुजतात.

चिवडा-मसाल्याची पाकिटं ग्रॅव्ह्यूरवर, म्हणजे कोरलेल्या सिलिंडरच्या छपाईवर, जातात. तिथे प्रत्येक रंगाचा स्वतंत्र सिलिंडर असतो. पत्ता बदलला तरी ज्या रंगात पत्ता आहे तो सिलिंडर नव्यानं, म्हणून बदलणारा मजकूर एकाच रंगात ठेवावा. पारदर्शक फिल्मवर मागे पांढऱ्या शाईचा थर द्यावा लागतो, नाहीतर रंगातून चिवडा दिसतो. सीलच्या पट्टीत मजकूर जाता कामा नये आणि कडेचा आय मार्क झाकायचा नाही. पॅकिंग मशीन त्यावरूनच पाकीट कुठे कापायचं ते ठरवतं.

बारकोडचा नेहमीचा आकार ३७.२९ बाय २५.९३ मिमी. तो ८० टक्क्यांपर्यंत लहान करता येतो, पण दोन्ही बाजूंची मोकळी जागा सोडूनच. पट्ट्या कधीही लाल ठेवू नका. स्कॅनरचा प्रकाश लाल असतो, त्याला त्या पांढऱ्याच दिसतात. फ्लेक्सोवर पट्ट्या छपाईच्या दिशेला समांतर हव्यात, आडव्या लावल्या तर जाड होऊन वाचता येत नाहीत.

कायद्याचा मजकूर हा डिझाइनचाच भाग आहे. निव्वळ वजन, सर्व करांसह एमआरपी, उत्पादन महिना-वर्ष, उत्पादकाचा पत्ता, ग्राहक सेवा क्रमांक, एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) चौदा आकडी परवाना क्रमांक, शाकाहारी चिन्ह. हिरव्या ठिपक्याचा किमान व्यास समोरच्या भागाच्या क्षेत्रफळावर ठरतो: १०० चौरस सेंटिमीटरपर्यंत ३ मिमी, ५००पर्यंत ४ मिमी, २,५००पर्यंत ६ मिमी. आधी या सगळ्याची जागा मोजून घ्या, उरलेल्या जागेत सौंदर्य. उलट क्रमानं गेलं की शेवटी सगळं चार पॉइंटमध्ये कोंबलं जातं आणि माल दुकानातून परत येतो.

पडद्यावरच्या कामाबद्दल सांगण्यासारखं कमी आहे. मापं सारखी बदलतात, ती त्या त्या वेळी पाहून घ्यावीत. एआयनं पार्श्वभूमी करा, कल्पना सुचवून घ्या, पण त्यानं लिहिलेलं मराठी अक्षर न तपासता पुढे पाठवू नका.

शिक्षण कुठून

आठवी-नववीत असाल तर कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा देऊन टाका. बारावीनंतर उपयोजित कलेचं बीएफए (कलेची पदवी) चार वर्षांचं. त्यासाठी राज्याची सीईटी असते, तिच्यात वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि सामान्य ज्ञान येतं. बी.डेस. म्हणजे डिझाइनच्या पदवीसाठी यूसीड ही परीक्षा आयआयटी मुंबई घेते. ती कुठल्याही शाखेच्या विद्यार्थ्याला चालते, पण देता येते सलग दोनच वर्षं. अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेची डॅट ही प्रवेशपरीक्षा वेगळी. पदवीनंतर मास्टर्सला सीड ही परीक्षा. एटीडी हा कोर्स चित्रकला शिक्षकांसाठी आहे. पालक डिझायनरचा आणि शिक्षकाचा हे दोन रस्ते हमखास एकत्र करतात, म्हणून मुद्दाम सांगतो. घरी लगेच पैसे आणायची गरज असेल तर आयटीआयचा एक वर्षाचा डीटीपी (संगणकावर पानं लावणं) ऑपरेटरचा ट्रेड आणि सोबत प्रेसवरची उमेदवारी, हाही रस्ता चांगला आहे. सहा महिन्यांचा क्लास लावणाऱ्यांनी कोरलड्रॉ कमी समजू नये. शहरातल्या निम्म्याअधिक प्रेस आजही त्याचीच फाईल मागतात, अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे आकारांत बदलून.

लॅपटॉप घेताना १६ जीबी रॅम, एसएसडी आणि आयपीएस (बाजूनं पाहिलं तरी रंग न बदलणारा) पडदा बघा. ग्राफिक कार्डापेक्षा पडदा महत्त्वाचा. आणि दहापट दाखवणारं छोटं भिंग घ्या. त्याखाली वर्तमानपत्रातला फोटो पाहिलात तर ठिपके दिसतील. मग नाशिकरोडला छापली जाते तशी नोट पाहा: तिच्यातली चित्रं बारीक रेषांनी बनलेली असतात. छपाईचं निम्मं शास्त्र त्या दोन नजरांत कळतं.

स्वतंत्र काम घेणार असाल तर निम्मी रक्कम आगाऊ, दुरुस्तीच्या फेऱ्या किती ते आधी लिहून, आणि प्रिंटआउटवर पार्टीची ‘ओके’ सही. हक्क द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. लोगोचं काम करताना हे पार्टीलाही सांगावं, तिच्याही फायद्याचं असतं. पार्टीला फॉन्टची फाईल देऊ नका, परवान्याची माहिती द्या.

आमच्याकडे काम मागायला येताना सात-आठ कामं पुरेत, त्यांतली निदान तीन मराठीत आणि एक तरी खरोखर छापलेलं. काल्पनिक कॉफी शॉपचे लोगो आम्ही पाहतो, पण पटकन पुढे जातो. इथे चाचणी एकच: मराठी मजकुराची वर्ड फाईल, त्यातून तीन घड्यांचं ब्रोशर, दोन तास. आम्ही डिझाइनच्या आधी पीडीएफ उघडतो आणि ब्लीड, काळी अक्षरं, फोटोंचं रिझोल्यूशन, ९७ची घडी आणि ‘दुसऱ्या’ पाहतो. पोर्टफोलिओ दहा एमबीच्या आतल्या एका पीडीएफमध्ये पाठवा, आणि फाईलच्या नावात ‘फायनल फायनल २’ नको, तुमचं नाव असू द्या.