गोळीचं म्हणून आलेलं भोक

पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या संग्रहालयात मी जुन्या वस्तूंच्या जतनाचं काम करते. धूळ-बुरशी काढायची, वस्तू आहे त्याहून बिघडणार नाही असं बघायचं, आणि ती खरोखर काय आहे ते लिहून ठेवायचं. या भागात कुणाच्याही माळ्यावरून अमेरिकेच्या यादवी युद्धाचं काही ना काही निघतंच. कोटाची बटणं, पाण्याच्या बाटल्या, पत्रांचे गठ्ठे. वस्तू बहुतेकदा अस्सल असतात. त्यांच्याबरोबर येणाऱ्या गोष्टींचं तसं सांगता येत नाही.

त्या सकाळी सत्तरी ओलांडलेल्या एक बाई आणि त्यांचा धाकटा भाऊ आले, तेव्हा भावाच्या हातात जुन्या रजईत गुंडाळलेला ड्रम होता. 16 इंच व्यासाचा, निळ्या पार्श्वभूमीवर पंख पसरलेला गरुड रंगवलेला, म्हणजे पायदळाचा. वरचं कातडं फाटलेलं, खालचं शाबूत. त्यांच्या पणजोबांचा. पणजोबा 1849 चे, घरच्या बायबलात जन्मतारीख लिहिलेली. 1862 च्या उन्हाळ्यात ते ड्रम वाजवायला सैन्यात गेले.

"ही बघा, गोळी इथून गेली," म्हणत बाईंनी ड्रमच्या पोटावरच्या भोकावर बोट ठेवलं. आमचे संचालक शेजारीच उभे होते. उन्हाळी प्रदर्शनाला पोस्टरसाठी ते काहीतरी शोधतच होते, त्यामुळे त्यांचा चेहरा एकदम खुलला.

भोक बघितल्याबरोबर मला कळलं होतं, पण असं तोंडावर सांगायचं नसतं. ड्रम टेबलावर घेतला आणि दोघांना जवळ बोलावलं. असं भोक या प्रकारच्या ड्रमना असतं. कातड्यावर काठी पडली की आतली हवा दाबली जाते, तिला बाहेर पडायला वाट लागते. त्या भोकात हाडाची किंवा पितळेची कडी बसवलेली असते. ती निखळून पडली की उरतं ते नुसतं भोक, आणि मग घरोघरी त्याची गोळी होते. त्या युद्धातली नेहमीची बंदुकीची गोळी मऊ शिशाची आणि जवळजवळ 15 मिलिमीटर जाड असायची. पातळ लाकडातून ती गेली असती तर आतल्या बाजूने ढलप्या निघाल्या असत्या. इथे कड गुळगुळीत आणि भोवती पितळी खिळ्यांची नक्षी. मग भोकातून बारीक दिवा आत सोडला. समोरच्या भिंतीवर फिलाडेल्फियाच्या कारागिराचा छापील कागद चिकटलेला होता, अगदी धड. गोळी आत शिरली असती तर पहिला समाचार त्या कागदाचाच घेतला असता.

बाई काही बोलल्या नाहीत. भाऊ म्हणाला, "आमच्या वडिलांनी सांगितलंय, गोळीच आहे." संचालकांनी घसा खाकरून 'परंपरेनुसार' असा शब्द वापरता येईल का, असं मला विचारलं. मी नाही म्हटलं.

ही सवय काही एका घराची नाही. जॉनी क्लेम हे त्या युद्धातल्या ड्रमर पोरांमधलं सगळ्यात गाजलेलं नाव. 'शायलोचा ड्रमर बॉय' म्हणून त्याच्या कहाण्या झाल्या. शायलोची लढाई एप्रिल 1862 ची, आणि तो ज्या 22व्या मिशिगन रेजिमेंटचा, ती उभी राहिली त्या ऑगस्टमध्ये. सप्टेंबर 1863 मध्ये चिकमॉगाच्या लढाईत मात्र तो खरोखर होता, वय 12. मोठा झाल्यावर परत सैन्यात गेला आणि 1915 मध्ये जनरल होऊन निवृत्त झाला. एवढं खरं असताना शायलो कशाला जोडायचं, हे मला कधी कळलेलं नाही.

बाईंचं मन राखावं म्हणून नव्हे, पण त्यांना माहिती हवी होती म्हणून मी ही पोरं दिवसभर काय करत ते सांगत बसले. लढाईतल्या वाजवण्यापेक्षा छावणीतलं वाजवणं कितीतरी जास्त. पहाटे उठवायला ड्रम, हजेरीला ड्रम, जेवणाला, आजाऱ्यांना डॉक्टरकडे बोलवायला, पहारा बदलायला, रात्री दिवे मालवायला. घड्याळ सगळ्यांकडे कुठलं असणार? कवायतीतले हुकूमही ड्रमवरच दिले जात, कारण हजार माणसांच्या रांगेत ओरडलेलं शेवटपर्यंत पोचत नाही. अखंड घुमणारा 'लाँग रोल' वाजला की हातातलं टाकून बंदूक घ्यायची. एखाद्याला बेअब्रू करून छावणीतून हाकलायचं असलं तर त्याचीही वेगळी चाल होती, तीही याच पोरांनी वाजवायची. प्रत्येक कंपनीला, म्हणजे शंभरेक शिपायांच्या तुकडीला, दोन वादक मंजूर असत, बहुधा एक ड्रमवाला आणि एक बासरीवाला. पगार महिन्याला 12 डॉलर, साध्या शिपायापेक्षा एक कमी.

आणि गोळीबार सुरू झाला की ड्रम बाजूला ठेवून स्ट्रेचर उचलायचं. जखमींना मागे आणायचं, पाणी पाजायचं, सर्जनच्या टेबलाशी उभं राहायचं. त्या टेबलावर हातपाय कापले जात होते. आमच्याच राज्यातल्या वेस्ट चेस्टरचा चार्ल्स किंग 49व्या पेनसिल्व्हेनिया रेजिमेंटमध्ये होता. अँटीटमच्या लढाईत 17 सप्टेंबर 1862 रोजी जखमी झाला आणि तीन दिवसांनी गेला. वय 13. सगळे ड्रमवाले पोरसवदा होते असं मात्र नाही. मिशा फुटलेलेही पुष्कळ होते. चित्रांमध्ये ते येत नाहीत, इतकंच.

बोलता बोलता मी ड्रम फिरवून बघत होते. एका बाजूचा निळा रंग घासून खालचं लाकूड दिसत होतं. पट्टा उजव्या खांद्यावरून येतो, ड्रम डाव्या मांडीवर तिरका लोंबतो आणि चालताना मांडीला घासतो. तिरक्या ड्रमवर डाव्या हाताची काठी सरळ धरताच येत नाही, ती तळवा वर करून बोटांमधून धरावी लागते. आज खुर्चीवर बसून वाजवणारे कितीतरी वादक डावी काठी तशीच धरतात. ड्रम तिरका राहिलेला नाही, हात तसाच राहिलाय.

"पट्टा असेल का हो घरी?" मी सहज विचारलं.

भाऊ हसला. "अहो, ही रजई कशाने बांधलीय मग?"

पांढऱ्या सुती विणीचा रुंद पट्टा, मळून चहाच्या रंगावर गेलेला, शेवटाला पितळी आकडा. या घरात तो ट्रंका बांधायला वापरला जात होता. मी तो भिंगाखाली पसरला. खांद्याच्या जरा खाली पट्टा दुमडून शिवलेला होता, जाड मेणाच्या दोऱ्याने, ओबडधोबड टाके घालून. दुमड साधारण चार बोटं. तिच्या पलीकडे, चांगलं वीतभर अंतर सोडून, सुईच्या भोकांची दुसरी रांग. तिथे दोरा नव्हता. भोकं मात्र बुजली नव्हती, आणि दोन रांगांमधला कापड आजूबाजूच्यापेक्षा उजळ होता, बरेच दिवस घडीत दबून राहिल्यासारखा.

म्हणजे आधी दुमड मोठी होती. नंतर कुणीतरी ती उसवून लहान केली. शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा शिवायचा आणि दर जूनला आईने खालची दुमड सोडायची, हे ज्यांनी अंगावर घातलंय त्यांना ती भोकांची रांग काय आहे ते सांगावं लागत नाही.

बाईंच्या पर्समध्ये राष्ट्रीय अभिलेखागारातून मागवलेल्या सेवानोंदीची प्रत होती. भरतीच्या दिवशीची उंची: 4 फूट 6 इंच. मी मोजपट्टी घेतली. पहिल्या दुमडीनिशी पट्टा धरला तर ड्रम तेवढ्या उंचीच्या मुलाच्या मांडीवर बरोबर येत होता. दुमड नसती तर तो गुडघ्यावर आदळला असता. शिवण सोडून पट्टा लांब करावा लागला, इतकं ते पोर युद्धात वाढलं होतं.

"त्याच्या आईने शिवलं असेल," बाई म्हणाल्या.

इथेही मला नाही म्हणावं लागलं. ड्रम आणि पट्टा सरकारी, घर सोडल्यावर मिळालेले. शिपायांकडे सुई-दोऱ्याची छोटी पिशवी असायची. कंपनीतल्याच कुणीतरी घातले असणार ते टाके, कदाचित त्याने स्वतः. बाईंनी पट्टा हातात घेऊन, त्या वाकड्या टाक्यांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "हो, आईचे इतके वाईट नसते आले."

1864 मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, 16 वर्षांखालच्या मुलांच्या भरतीला बंदी घातली. तोवर हा पोरगा दोन वर्षं सैन्यात काढून बसला होता. घरी धड परत आला, पुढे किराणा दुकान चालवलं आणि म्हातारा होऊन गेला.

कागदपत्रं दुपारी झाली. ड्रम आमच्याकडे ठेवायचं ठरलं, पट्ट्यासकट, टाक्यांना हात न लावता. संचालकांनी पोस्टरसाठी पट्ट्याचा फोटो काढून बघितला, त्यांना तो फारसा पटला नाही. चिठ्ठीवर 'हवेसाठीचं भोक' असंच लिहायचं, हे बाईंनी स्वतः बजावून सांगितलं. भाऊ रजई घडी करून गाडीकडे निघाला, दारातून परत आला आणि हळूच मला म्हणाला, "तुमचं इथे चालू द्या. आमच्या गावात ती गोळीच राहणार."