घरखर्च टर्मिनलवर: तिसरा महिना

पहिले दोन महिने ‘खर्च’ नावाच्या साध्या मजकूर फाइलीत मी एकटाच लिहीत होतो, तोवर सगळं सुरळीत चाललं होतं. एका ओळीत तारीख, वस्तू, रक्कम, मधे टॅब. टर्मिनलवर, म्हणजे लेखी आज्ञा देऊन संगणक चालवायच्या खिडकीत, ऑक या प्रोग्रामकडून तिसऱ्या रकान्याची बेरीज करून घेतली की झालं. या महिन्यापासून आईही लिहायला लागली. ती फोनवर लिहिते, सिंकथिंग हे फाइली जुळवून ठेवणारं अ‍ॅप तिची फाइल लॅपटॉपवर आणून ठेवतं आणि कॅट हा प्रोग्राम दोन्ही जोडतो.

महिनाअखेरीस बेरीज आली ९,४१२. किराणा, भाजी, दूध, गॅस एवढ्यात भागत असतं तर आणखी काय हवं होतं! आईची फाइल एकटीच चालवून पाहिली तर उत्तर शून्य. ती आकडे मराठीत लिहिते. ऑकला इंग्रजी अंक तेवढे आकडे वाटतात. आपला ‘६८’ त्याच्या लेखी शब्द, आणि शब्दाची किंमत शून्य. वर तक्रारही करत नाही, गुपचूप शून्य धरून पुढे जातो. आकड्यांनुसार क्रम लावणाऱ्या सॉर्ट मायनस एनचंही तेच.

आई चाळीस वर्षं वहीत असंच लिहीत आली आहे, त्यामुळे तिला बदलायला सांगण्याचा प्रश्न नव्हता. एका चिन्हाच्या जागी दुसरं चिन्ह म्हणजे टीआरचं काम, असं समजून दहा अंकांसमोर दहा अंक ठेवले. आकडे तर बदलले नाहीतच, दूधही नासलं. ओळीओळीत ९ आणि चौकोन! माझ्याकडचा, म्हणजे जीएनयू या संचातला टीआर अक्षरं बघत नाही, बाइट (साठवणीचे छोटे तुकडे) बघतो. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं आणि पहिला बाइट सगळ्यांचा सारखाच. त्यामुळे अंक बदलायला गेलेला टीआर प्रत्येक अक्षराचं तोंड बदलून आला.

मजकुरात बदल करणाऱ्या सेडची ‘वाय’ आज्ञा मात्र अक्षराला अक्षर मानते. एका ओळीत काम झालं, खरी बेरीज २३,१०६. मग तीच ओळ ठरल्या वेळी आपोआप आज्ञा चालवणाऱ्या क्रॉनमध्ये टाकली तर सेड म्हणतो, दोन्ही बाजूंची लांबी जुळत नाही. माझ्या मशीनवर क्रॉनला लोकेल, म्हणजे भाषा आणि अक्षरांची सेटिंग, मिळतच नव्हतं. तिथे एका बाजूला तीस बाइट, दुसऱ्या बाजूला दहा. स्क्रिप्टच्या सुरुवातीला यूटीएफ-८ लोकेल लिहून टाकलं, मग गप्प बसला.

आता या महिन्यातला सगळ्यात चिवट किडा. ‘कचऱ्याच्या पिशव्या’ मजकूर शोधणाऱ्या ग्रेपने शोधल्या तर फक्त माझ्या नोंदी सापडतात, आईच्या नाहीत. पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे. अर्धा तास मी टॅब आणि स्पेसवर संशय घेत बसलो. शेवटी फाइलीतले बाइट दाखवणाऱ्या हेक्सडंपमधून बघितलं. आईच्या फोनचा कळफलक ऱ हे स्वतंत्र अक्षर देतो. माझा लॅपटॉपवरचा जुना कळफलक साधा र, मग हलन्त, मग डोळ्याला न दिसणारा झेडडब्ल्यूजे हा जोडणारा संकेत अशी तिघांची रांग लावतो. एकाच अक्षराची वेगळी रूपं एक करणाऱ्या युनिकोडच्या नेहमीच्या नॉर्मलायझेशननेही ही दोन रूपं एक होत नाहीत. म्हणजे दुसऱ्या, वाऱ्या, खोबऱ्या, असा कुठलाही शब्द ग्रेपला अर्धाच सापडणार. ज्यांच्या मराठी फाइली जुन्या आहेत त्यांनी एकदा तपासून बघाच. मी सेडच्या त्याच स्क्रिप्टमध्ये आणखी एक ओळ घालून सगळं ऱ वर आणलं.

फाइल स्वच्छ झाल्यावर रकाना काढणारा कट, क्रम लावणारा सॉर्ट, सारख्या ओळी मोजणारा युनिक मायनस सी अशी साखळी लावली. सर्वांत जास्त वेळा आणलेली वस्तू: कोथिंबीर. दूध दुसरं.

आईच्या वहीतून गेल्या सहा सिलिंडरच्या तारखाही उतरवून घेतल्या. वहीत ५/३ म्हणजे ५ मार्च. तारखा वाचणाऱ्या डेटला तसंच दिलं तर तो अमेरिकन पद्धतीने ३ मे समजतो, म्हणून आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असं लिहिलं. दोन तारखांचे सेकंद काढायचे, वजाबाकी करायची, ८६,४०० ने भागायचं. आपल्याकडे उन्हाळ्यात घड्याळं पुढे सरकवायची भानगड नाही, त्यामुळे दिवस चोख येतात. एकेक सिलिंडर ३८ ते ४७ दिवस चाललाय. सध्याच्याचा आज ४४वा दिवस. नंबर लावून टाकला.