सॉनिकची आखणी: जून ते ऑगस्टची नोंद

14 जून

पार्सल आलं. चार इंची सॉनिक, व्हिडिओ गेममधल्या त्या निळ्या काटेरी पात्राची बाहुली (आम्ही 'फिगर' म्हणतो), अधिकृत माल, खोक्यावर होलोग्रामसकट. भाच्यानं टेप फाडली, फिगर बाहेर काढली, क्षणभर बघितलं आणि म्हणाला, "मामा, ह्यो पंख्याकडं का बघालाय?"

पोरगं सात वर्षांचं, पण नेमकं बोललं. डावं बुबुळ उजव्यापेक्षा वर होतं. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर काम करतो, त्यामुळं 'थोडं' हा शब्द मला चालत नाही. व्हर्निअर (बारीक मापाची पट्टी) लावला, अर्धा मिलिमीटर भरला. दहा सेंटिमीटरच्या बाहुल्यात अर्धा मिलिमीटर म्हणजे तुमच्या-माझ्या चेहऱ्यावर डोळा भुवईपाशी सरकल्यासारखं.

बाकी माल चांगला आहे. मोल्ड स्वच्छ, शिवण मानेमागं लपवलेली, काटे टोकाला बोथट (लहान मुलांच्या नियमामुळं, तक्रार नाही), बूट लाल, बक्कल सोनेरी. रागवावं असं एकच, डोळे.

17 जून

फिगर जमवणाऱ्यांच्या ग्रुपवर फोटो टाकला आणि व्हायचं तेच झालं. तीन जणांनी आपापल्या फिगरचे फोटो टाकले. एकाचा तिरळा, एकाचा झोपाळू, एकाचा बरोब्बर. तेव्हापासून 'फॅन्सची किंमत नाही' ते 'फुकट ओरडताय, खेळणं आहे ते' अशी दोन्हीकडून फैर चालू आहे.

हे भांडण नवं नाही. 2014 च्या नोव्हेंबरात निन्टेन्डोची अमीबो, म्हणजे त्यांच्या गेममधल्या पात्रांच्या फिगर, आली तेव्हा लिंक नावाच्या पात्राच्या पायामागं जो पिवळा आधाराचा दांडा होता, त्यावरून लोकांनी काय काय विनोद केले ते इथं लिहिण्यासारखे नाहीत. जाहिरातीतल्या फोटोत तो लिंक वेगळाच दिसत होता. आणि गंमत अशी की त्याच मालिकेत कारखान्याची चूक होऊन सामुस या पात्राची, एरवी एकाच हाताला तोफ असते तिची, दोन्ही हातांना तोफ लागलेली एक फिगर निघाली, तर ती लिलावात हजारो डॉलरला गेली. म्हणजे चूक बारकी असली की शिव्या, ढळढळीत असली की दागिना.

सॉनिकच्या बाबतीत तर आमची जमात जास्तच हळवी. 2014 च्या 'सॉनिक बूम' या नव्या रूपात त्याचे हात निळे केले, त्यावर अजून वाद संपलेला नाही. 2019 च्या एप्रिलमध्ये सॉनिकच्या सिनेमाचा ट्रेलर आला, माणसासारखे दात बघून जगभर बोंब उठली, आणि अख्खं पात्र नव्यानं करायला सिनेमा नोव्हेंबरवरून पुढच्या फेब्रुवारीवर गेला. एकदा ओरडून काम झालं की ओरडायची सवय लागते. मलाही लागली आहे, नाही म्हणत नाही.

आपल्याकडं चीड जास्त येते त्याला खिशाचंही कारण आहे. बाहेरून येणाऱ्या खेळण्यांवरचं सीमाशुल्क 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 वर नेलं, 2023 मध्ये 70 वर. शिवाय 2021 च्या जानेवारीपासून खेळण्याला आयएसआय शिक्का सक्तीचा. त्यातून वाट काढत जी फिगर कोल्हापुरात पोचते, तिच्यासाठी आपण पगारातून पैसे बाजूला काढलेले असतात. मग ती पंख्याकडं बघायला लागली की माणूस बोलणारच. विक्रेत्याला लिहिलं. उत्तर आलं, 'उत्पादनाच्या स्वरूपातील किरकोळ फरक'. बरं.

22 जून

डोळे असे का येतात ते आधी समजून घेतलं, कारण न समजता खोडायला बसलो असतो तर दुप्पट बिघडवलं असतं.

ते रंग हातानं दिलेले नसतात. पॅड प्रिंटिंग असतं. धातूच्या पाटीवर डोळ्याचा आकार कोरलेला, त्यात शाई, त्यावर सिलिकॉनची मऊ गादी दाबतात, गादी शाई उचलते आणि तोंडाच्या गोलाईवर नेऊन उमटवते. रंग जितके, दाब तितके: पांढरा, हिरवा, काळा, शेवटी चमकेचा ठिपका. दर वेळी डोकं साच्यात त्याच जागी बसायला हवं. एकदा केसभर हललं की हिरवं पांढऱ्यावरून घसरलं. आमच्या शॉपमध्ये जॉब, म्हणजे कामाचा तुकडा, लेथच्या पकडीत (चकमध्ये) नीट न बसता दुसरं ऑपरेशन मारलं की जे होतं तेच हे. त्या कारखान्यातल्या माणसाचा मला राग यायचा कमी झाला, पण पैसे गेल्याचा राग आहे तेवढाच आहे.

आणि सॉनिकला हे जास्त बोचतं, कारण त्याचे डोळे वेगवेगळे नाहीतच. मधे नाकाच्या वर दोन्ही पांढरे भाग एकमेकांत मिसळलेले, एकच मोठी पांढरी पट्टी आणि तिच्यावर दोन बुबुळं. 1991 पासून असंच. (1998 च्या 'सॉनिक ॲडव्हेंचर' गेमपासून बुबुळं हिरवी झाली. त्याआधीची काळी. मला काळीच आवडतात, पण ही फिगर नव्या सॉनिकची आहे, तेव्हा हिरवीच करणार.) दोन डोळ्यांमधे नाकाची रेघ असती तर चूक त्यात लपली असती. इथं लपायला जागा नाही.

29 जून

खोडकाम. भांडी घासायच्या साबणानं आधी धुतली, वरचा तेलकटपणा जायला. मग मोबाईल रिपेअरवाले वापरतात ते आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), कापसाच्या काडीवर. नवख्यांसाठी: थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर लावू नका, फिगरचं प्लॅस्टिक (पीव्हीसी) चिकट होतं आणि परत येत नाही. एका सॉनिकच्या कानाचं मी दोन वर्षांपूर्वी च्युइंगगम केलंय, अजून ठेवलाय, आठवण म्हणून.

चाळीस मिनिटं, सतरा काड्या. काळा लगेच गेला, हिरवा कुरकुरत गेला. पांढरा मुद्दाम ठेवला. मग 2000 चा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून, अगदी हलका.

डोळे नसलेला सॉनिक टेबलावर उभा होता. आई चहा घेऊन आली, बघून म्हणाली, "आंधळा करून ठेवलास व्हय रे?" आणि त्यावर रुमाल टाकून गेली.

20 जुलै

वाट लागली.

बुबुळं काढली होती बरी. तीन शून्यांचा ब्रश, ॲक्रिलिक, आधी हिरवं, वाळू दिलं, मग काळं, मग पांढरा ठिपका. व्हर्निअरनं दोन्ही केंद्रांची उंची सारखी. पण वरून मॅट वार्निशचा स्प्रे मारला तो त्याच आठवड्यात, ज्या आठवड्यात पावसानं पंचगंगेवरचा राजाराम बंधारा पाण्याखाली गेला. भिंतींना घाम फुटलेला. पाच मिनिटांत सगळ्या चेहऱ्यावर पांढुरकी साय धरली, मोतीबिंदू झाल्यासारखी. हवेत ओल जास्त असली की वार्निश सुकताना ती आत ओढून घेतं, हे मला माहीत होतं. माहीत असून मारलं. ग्लॉसचा हात देऊन साय जाते कधीकधी. माझी निम्मी गेली.

खरी गोष्ट पण वेगळीच. साय यायच्या आधी दहा मिनिटं मी त्याला बघितला होता आणि मोजमाप बरोबर असूनसुद्धा तो कुठंच बघत नव्हता. तिरळा नाही, पंख्याकडं नाही, नुसता कोरा. मापात बसलेला आणि मेलेला. कारखान्याचा चुकलेला निदान पंख्याकडं तरी बघत होता.

3 ऑगस्ट

शाहूपुरी कुंभार गल्लीत गेलो. आमच्या तालमीची मूर्ती जिथं बनते ते काका ओळखीचे. सीझन ऐन भरात, दोन्ही बाजूंना गणपती ओळीनं, निम्मे रंगलेले, निम्मे पांढरे, आणि मधून चालायला वीतभर वाट. खिशातून सॉनिक काढला तेव्हा खरं सांगतो, लाज वाटली.

काकांनी हातात घेतला. "ह्यो उंदीर कुठल्या मंडळाचा?"

साळिंदरासारखं काहीतरी आहे, गेममधलं, म्हणून सांगितलं. त्यांनी चष्मा वर केला. "डोळा एकच आणि बुबुळं दोन. बरं. आणि हे कुठं ठेवणार?"

मी म्हटलं, कपाटावर. "किती उंच?" मी हात दाखवला, छातीच्या वर. "मग हातात धरून का काढलंस? खाली बघत काढलंस नव्हं का?"

मग त्यांनी दाखवलं. समोरच्या फळीवर तीन फुटी मूर्ती होती, तिची आखणी बाकी. आखणी म्हणजे डोळे रेखणं, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. ती सगळ्यात शेवटी, आणि ती घरातला जाणता हातच करतो. काकांनी मूर्ती खालून उचलून पाटावर ठेवायला लावली, मंडपात जेवढी उंच बसणार अंदाजे तेवढी. आधी वरच्या पापणीची रेघ, एका दमात, श्वास धरून. मग बुबुळ. ते पांढऱ्याच्या मधोमध तरंगत ठेवलं नाही, वरच्या रेघेखाली थोडं घालून लटकवलं. "मधे काढलंस की भ्यायल्यासारखं दिसतं. पापणीनं धरलं पाहिजे." आणि दोन्ही बुबुळं नाकाकडं अगदी जरा ओढलेली. मी लांबून बघितलं तर मूर्ती माझ्याकडंच बघत होती. दोन पावलं सरकलो तरी.

माझ्या बाहुल्याला त्यांनी ब्रश लावला नाही. मी आशेनं धरून उभा होतो. "तुझा उंदीर तू काढ," म्हणाले आणि पुढच्या मूर्तीकडं गेले.

10 ऑगस्ट

जाहिरातीतला फोटो पुन्हा नीट उघडून बघितला, मोठा करून. आम्ही सगळे ज्या फोटोशी तुलना करून ओरडतो तो. कॅमेरा फिगरच्या छातीइतक्या उंचीवर, जरा खालून. म्हणजे सॉनिक तुमच्याकडं वरून बघतोय. बुबुळाचा वरचा काठ पापणीच्या रेघेत गेलेला. असे फोटो बहुतेक हातानं रंगवलेल्या नमुन्याचे असतात, गादीनं छापलेल्या मालाचे नाहीत. तिथं कुणीतरी काकांसारखाच बसून डोळे काढलेले असणार.

आणि आम्ही काय करतो? खोकं फोडतो, फिगर तळहातावर आडवी धरतो, मोबाईल वीतभर अंतरावरून वरून रोखतो, फोटो टाकतो. एवढ्या जवळून मोबाईलची लेन्स नाक फुगवते आणि डोळे बाजूला ढकलते. ग्रुपवरच्या त्या तिघांना सांगितलं, फळीवर ठेवून, मागं सरकून, झूम करून परत काढा. झोपाळूवाल्याचा चांगला निघाला! तिरळा तो तिरळाच. माझाही मूळचा जुना फोटो असाच वरून काढलेला होता, पण अर्धा मिलिमीटर तो अर्धा मिलिमीटर. ती चूक कोन बदलून जात नाही, आणि तिच्यावर बोलायचा हक्क मी सोडत नाही.

17 ऑगस्ट

दुसरा प्रयत्न. जुनं सगळं खोडलं. शॉपमधल्या अॅल्युमिनियमच्या तुकड्यातून एक गोल बैठक काढली, मधे पिन, फिगर तिच्यात रोवली आणि स्टुलावर डबा, डब्यावर बैठक, अशी कपाटाइतकी उंची केली. मी समोर उभा. हात टेकायला काही नाही, म्हणून डाव्या हातानं उजवं मनगट धरलं.

आधी पापणीची रेघ. चौथ्यांदा जमली. बुबुळं रेघेखाली लटकवली, नाकाकडं केसभर ओढली. व्हर्निअर मुद्दाम दुसऱ्या खोलीत ठेवला होता.

भाचा दारात आला. काही बोलला नाही. मग डावीकडं सरकला, उजवीकडं सरकला, पडद्यामागं लपला आणि डोकावला.

फोटो टाकला, फळीवरून, लांबून. प्रतिक्रिया: सहा अंगठे, एक 'लई भारी', आणि एक जण म्हणाला, "भावा, डोळे सॉनिकचे न्हाईत, मोरया म्हणावंसं वाटालंय." बघितलं तर खरंय. पापणीची रेघ टोकाला जरा जास्त लांबली आहे, गल्लीतल्या सगळ्या गणपतींची लांबते तशी. पुसायला आयपीएची बाटली उघडली, परत बंद केली.

वार्निश अजून बाकी आहे. ते आता दिवाळीच्या कोरड्या हवेत. तोवर काचेच्या बरणीखाली झाकून ठेवलाय, आणि पुढची फिगर, सॉनिकच्याच गेममधला नकल्स, पांढऱ्या पट्टीपर्यंत खोडून तयार आहे.