तुझं लेणं, माझी टेकडी

नाशिक ते पुणे या प्रवासाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. चाकणला गाडी तासभर मुंगीच्या पावलांनी सरकत होती आणि वाकडेवाडीला उतरले तेव्हा पाठ धरली होती, एवढंच. श्रावणातला शनिवार होता. मैत्रीण छत्री घेऊन उभी होती. "आधी जेवण की आधी लेणं?" तिने विचारलं. मी म्हटलं, लेणं. बारा वर्षं टाळत आले होते.

फर्ग्युसनला असताना आम्ही एका खोलीत राहायचो. ती भूशास्त्राची, मी वनस्पतिशास्त्राची. तिच्या पलंगाखाली दगडांची खोकी, खिडकीत माझ्या कुंड्या. कुंड्यांचं पाणी तिच्या नमुन्यांच्या चिठ्ठ्यांवर गळायचं. पहिलं वर्ष भांडणात गेलं. दुसऱ्या वर्षी तिने टॉल्किनचं 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाली, "वाच. यातला लेगोलस तू, गिमली मी."

सिनेमा पाहिलेल्यांना लेगोलस आठवतो तो ढालीवरून घसरत बाण सोडणारा. मला तो तेवढ्यासाठी आवडत नाही. मला आवडतो तो हट्टी, जंगलात वाढलेला राजपुत्र, ज्याच्या बापाने, थ्रँडुइलने, गिमलीच्या बापाला एकदा कैदेत टाकलं होतं. लेगोलस एल्फ, म्हणजे वनात राहणाऱ्या जमातीतला; गिमली ड्वार्फ, म्हणजे डोंगर खोदणाऱ्या बुटक्या जमातीतला. या दोन जमातींचं वैर पिढ्यान्‌पिढ्यांचं. लोथलोरियन या एल्फांच्या वनाच्या वेशीवर एकट्या गिमलीचे डोळे बांधायचं ठरतं, तेव्हा त्यांच्या टोळीचा म्होरक्या अ‍ॅरागॉर्न म्हणतो की मग सगळ्यांचेच बांधा, आणि सर्वांत जास्त चिडतो तो लेगोलस. पण त्याच वनात पुढे तो गिमलीला सोबत घेऊन हिंडायला लागतो आणि बाकीचे नवल करत राहतात. दोघांत नेमकं काय बोलणं झालं, ते टॉल्किन सांगत नाही. मला ते न सांगणं फार आवडतं. आमच्याही खोलीत भांडण नेमकं कधी मिटलं, ते आम्हा दोघींना आठवत नाही.

हेल्म्स डीप या दरीतल्या लढाईत दोघं मारलेले शत्रू मोजतात. गिमलीचे बेचाळीस होतात, लेगोलसचे एकेचाळीस. त्याच लढाईत गिमली तिथल्या गुहा पाहून वेडावतो. मग करार होतो: तू माझ्याबरोबर फॅनगॉर्नच्या जंगलात ये, मी तुझ्याबरोबर या गुहांत येईन. आम्हीही तेव्हा तसाच करार केला होता. ती वेताळ टेकडीवर येणार, मी पाताळेश्वराच्या लेण्यात जाणार. परीक्षा आल्या, नोकऱ्या आल्या आणि करार राहून गेला.

जंगली महाराज रस्त्यावर शनिवारी दुपारी हॉर्नशिवाय काही ऐकू येत नाही. गर्दीने माझं डोकं उठतं, हे मी लपवत नाही. पण पाताळेश्वराच्या पायऱ्या उतरलो आणि तो आवाज वरच राहिला. समोर उघड्या अंगणात नंदीचा गोल मंडप, जाड खांबांवर दगडाची छत्री धरल्यासारखा. पलीकडे लेणं. आठव्या शतकातलं, राष्ट्रकूटांच्या काळातलं, आणि अर्धवट राहिलेलं.

तिने माझा हात धरून खांबावर ठेवला. "हा उभारलेला नाही," ती म्हणाली. "हा इथेच होता. आजूबाजूचा दगड काढून टाकला." लाव्हाचे थर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पसरले, त्यातला हा काळा कातळ. इमारत बांधताना चुकलेला दगड बदलता येतो. इथे एक घाव जास्त पडला की संपलं, पुन्हा जोडता येत नाही. मी खांबावरून बोटं फिरवली. छिन्नीचे घाव बोटांना लागत होते.

मला काही बोलता येईना. हॉस्टेलवर मीच म्हणाले होते, दगडात काय बघायचंय? आपल्या भाषेत दागिन्यालाही लेणंच म्हणतात, हे माहीत असून कधी मनात आलं नव्हतं. सगळं युद्ध संपल्यावर लेगोलस त्या गुहा पाहून बाहेर येतो तेव्हा गप्प असतो. एवढंच म्हणतो की यासाठी योग्य शब्द फक्त गिमलीला सापडतील. आम्ही गाभाऱ्यासमोर बसलो. समईच्या उजेडात दगड तेलकट दिसत होता. अर्धा तास गेला असेल, ती बोलत होती, मी ऐकत होते. एवढं मन लावून मी तिचं कधीच ऐकलं नव्हतं.

रात्री तिच्या आईने अळूचं फदफदं आणि गरम भात वाढला. नको म्हणेपर्यंत तिसरी वाढ पानात पडली होती.

रविवारी सहाला लॉ कॉलेज रस्त्याच्या बाजूने टेकडी चढलो. आता सांगायची पाळी माझी. ही गिरिपुष्पाची लागवड बाहेरची, तिच्याखाली फारसं काही वाढत नाही. ती बघ सलई, ती मोई, ही इथली, मुळातली. तिने प्रत्येक खोडाला हात लावला. मी खांबाला लावला होता तसाच.

खाणीपाशी आलो. पावसाचं पाणी साठून तळं झालंय, लोक कौतुकाने फोटो काढतात. ती कडेला उभी राहिली आणि तिचा चेहरा उतरला. "हाच कातळ," ती म्हणाली. "तिथे एकेक घाव जपून घातला. इथे नुसता फोडला." गुहांबद्दल लेगोलसला हीच धास्ती होती, की हातोडा-छिन्नी घेऊन ड्वार्फ आले तर सगळं बिघडवतील. गिमली दुखावतो. वसंतात फुललेली राई कोणी सरपणासाठी तोडतं का, असं विचारतो. दगड फोडणाऱ्याला दगडाची माया नसते, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. खाणीच्या काठावर माझ्यापेक्षा तिला जास्त लागलं होतं.

टेकडीतून रस्ता आणि बोगदे काढायचं घाटतंय म्हणून २०२३ मध्ये पुणेकर रस्त्यावर उतरले होते. ती त्या मोर्चात गेली होती. "तुझी टेकडी ना," म्हणाली. मला हे आजवर सांगितलंही नव्हतं.

तेवढ्यात खालच्या झाडीतून मोर ओरडला. आम्ही मोजायला लागलो, जिला आधी दिसेल तो तिचा मोर धरायचा. उतरेपर्यंत तिचे चार झाले, माझे तीन.

स्टँडवर सोडताना तिने पुढचं ठरवून टाकलं. डिसेंबरात भाजे लेणं. ते पाताळेश्वराहून कितीतरी शतकं जुनं, आणि वाटेतली झाडं मी सांगायची.